तिसऱ्या दिवशी कुदळ

या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या ताई १९९६ ते १९९८ अशी दोन वर्षं टांझानियातल्या इरिंगा प्रांतात, एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गणित शिकवत होत्या. या वेळची तिन्ही पत्रं त्याच वाटेवरची आहेत.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातली, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चार विद्यार्थी जानेवारीच्या सुरुवातीला सहा महिन्यांसाठी इरिंगा शहरापासून दीड तासावरच्या एका गावात आलो. प्राथमिक शाळेत गणिताला मदत करायची, असं ठरलं होतं. तीन आठवडे झाले, शाळेत मला वर्गात मागं खुर्ची देऊन नुसतं बसवून ठेवतात. घरी पाण्याची बादली उचलायला गेले की हातातून काढून घेतात. मुलं ‘म्हिंदी, म्हिंदी’ ओरडत मागं येतात, नाहीतर ‘दादा’ म्हणतात. मी त्यांना मुलगा वाटते का? मी शाकाहारी आहे. गेल्या रविवारी आमच्यासाठी कोंबडी कापली, मी खाल्ली नाही तेव्हा घरची बाई एकदम गप्प झाली. सोमवारी एका शिक्षकांनी पाच मुलांना छडीनं मारलं, मी बाहेर जाऊन रडले. आमच्यातले दोघं संध्याकाळी दार लावून मोबाइल बघत बसतात आणि आता मीही तेच करायला लागलेय. इथं कुणाला माझा काही उपयोग नाही. परत येऊ का?

उत्तर : परत येऊ नकोस. पण आत्ता राहतेयस तशीही राहू नकोस.

स्वाहिलीत एक म्हण आहे: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.’ पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला कुदळ दे. जेंबे म्हणजे लांब दांड्याची, रुंद पात्याची कुदळ. तू राहतेस त्या घरात दारामागं एक तरी उभी असेल. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. देश अजून त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी म्हणतो. त्यांनीही ही म्हण आपल्या लिखाणात घेतली होती. तुला तीन आठवडे झाले आणि कुदळ मिळालेली नाही, हे तुझं खरं दुखणं आहे. ती तुला कुणी आपणहून देणार नाही. परदेशातून आलेली, शिकलेली मुलगी, तिच्या हाताला फोड आले तर काय, असं त्यांना वाटतं. मागावी लागेल. ‘नाओंबा जेंबे’ एवढं म्हण आणि हात पुढं कर. मक्याच्या खुरपणीचे दिवस आहेत, ‘पालिझी’ म्हणतात तिला. पहाटे बायका शेतात निघतात तेव्हा त्यांच्या मागं चालायला लाग. पहिल्या दिवशी तू तणाबरोबर मकाही उपटशील. त्या ओरडतील. ओरडू देत. पाहुण्यावर कुणी ओरडत नाही.

मी चोवीस वर्षांची होते आणि द्यायला आलेय अशा समजुतीत होते. खोलीत गणिताचे तक्ते करून ठेवले होते, पण मला घ्यायचं काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या बाई रोज विचारायच्या, जेवलीस का, झोप लागली का, आणि मी ‘हो, सगळं ठीक’ म्हणून दार ओढून घ्यायचे. आपला कुणाला त्रास नको, हा माझा चांगुलपणा होता. त्यांना तो तुसडेपणा वाटला, हे मला सहा महिन्यांनी कळलं. ज्या दिवशी मी त्यांच्या चुलीपाशी जाऊन म्हटलं की मला उगाली करता येत नाही, शिकवा, त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग लाकडी उलथनं हातात दिलं.

उगाली आपल्या उकडीसारखीच घाटायची असते, पण पांढऱ्या मक्याच्या पिठाची आणि खूप घट्ट. मनगटानं नाही, खांद्यानं घाटायची. पातेलं पायानं धरावं लागतं. माझ्या पहिल्या उगालीत गुठळ्या झाल्या. बाईंनी ती सगळ्या घराला वाढली आणि स्वतः शेवटचा घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना त्यांनी मला हाक मारली. खांग्याची, म्हणजे तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या रंगीत कापडाची, चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि त्यावर अर्धी भरलेली बादली. आमच्या आजीच्या गावी बायका विहिरीवरून आणायच्या तशीच चुंबळ. अर्धी बादली कधी पूर्ण झाली ते मला आठवत नाही, पण ती झाल्यावर शाळेतही मला मागच्या खुर्चीवर कुणी बसवलं नाही. गावात बातमी चुलीकडून शाळेकडं जाते, उलट नाही.

आता ‘दादा’. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, ताई. काका म्हणजे भाऊ, बाबा म्हणजे वडील, बाबू म्हणजे आजोबा, बिबी म्हणजे आजी, आणि मामा म्हणजे आई. मराठी कानाला हे सगळं उलटंसुलटं लागतं. मुलं तुला ताई म्हणतायत, आणि तू पत्रात त्याची तक्रार केलीयस! लग्न होऊन मूल झालेल्या बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं ‘मामा अमुक’ म्हणायचं असतं. घरच्या बाईंना तू अजून कशानं हाक मारतेस? नुसतं ‘एक्सक्यूज मी’ म्हणत असशील तर आजच थोरल्या मुलाचं नाव विचार.

मोठ्या माणसाला रस्त्यात ‘शिकामोओ’ म्हणायचं. अर्थ असा की मी तुमचे पाय धरते. आपलं पाया पडणंच, फक्त शब्दांत. समोरचा ‘माराहाबा’ म्हणतो. छोटी मुलं तुला शिकामोओ म्हणतील तेव्हा तूही माराहाबा म्हण, नाहीतर ती उत्तराची वाट पाहत उभी राहतात. कुणाच्या अंगणात शिरताना ‘होदी’ म्हणून थांब, आतून ‘कारिबू’ आलं की जा. आणि ‘पोले’ हा शब्द जिवापाड जप. तू चिखलात घसरलीस, ओझं वाहून आणलंस, ताप आला, नुसती दिवसभर राबलीस, तरी लोक ‘पोले’ म्हणतात. कुणाची चूक झालेली नसते. तुझ्या कष्टाकडं माझं लक्ष आहे, एवढंच त्यात असतं. मराठीत याला शब्द नाही आणि परत आल्यावर मला त्याची उणीव अजून भासते. इरिंगा हेहे लोकांचा मुलूख आहे, तेव्हा म्हाताऱ्यांना त्यांच्या भाषेत ‘काम्वेने’ म्हणून बघ, चेहरे कसे उजळतात ते.

स्वाहिली तुला वाटते त्याहून जवळची आहे. अरबी-फारसीतून जे शब्द मराठीत आले त्यांचे भाऊबंद तिकडंही गेले: हेसाबू, साबुनी, दुनिया, खबरला हबारी, हवेला हेवा, रंगाला रांगी, तयारला तयारी. गणिताच्या तासाला ‘हेसाबू’ म्हणतात हे ऐकून मला पहिल्या दिवशी धीर आला होता. रोज दहा शब्द वहीत लिही, आणि ते मुलांकडून तपासून घे. तू चुकलीस की मुलांना केवढा आनंद होतो! वर्गात बसायची खुर्ची मागंच असेल तर ती तिसरीच्या वर्गात, मुलांच्या बाकाशेजारी सरकव.

घड्याळाचं कुणी सांगितलंय का? तिकडं दिवस सूर्योदयाला सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. विषुववृत्ताजवळ बाराही महिने सूर्य जवळपास एकाच वेळी उगवतो, म्हणून हे हिशेब चालतात. आपले प्रहरही उगवतीपासूनच मोजायचे. शिक्षकांची पहिली बैठक ‘सा तातू’ला आहे असं मला सांगितलं होतं. मी दुपारी तीनला पोचले, बैठक सकाळी नऊलाच झाली होती. मुख्याध्यापक काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन आठवडे मला कशालाच बोलावलं नाही. तुला काम मिळत नाही त्यात असलं काही नाही ना, एकदा तपासून बघ.

म्हिंदी म्हणजे भारतीय. शिवी नाही ती. मक्याला माहिंदी म्हणतात, तोही शब्द हिंदच्याच नावावरून आलेला. त्या भागातल्या लोकांनी भारतीय पाहिलेत ते बहुतेक शहरातल्या दुकानात, गल्ल्याच्या पलीकडं. दुकानाला तिकडं ‘दुका’च म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे अंतर आहे, आणि त्यात कडूगोड दोन्ही आहे. चिखलात पाय रोवून मका खुरपणारी म्हिंदी त्यांना नवी आहे. म्हणून पोरं मागं येतात. त्यांना तुझं नाव सांग आणि त्यांची विचार. आठवडाभरात ‘म्हिंदी’ कमी होईल.

कोंबडीचं मात्र मनाला लागलं माझ्या. जानेवारी-फेब्रुवारीत गेल्या हंगामाचा मका संपत आलेला असतो आणि नवा हाताशी आलेला नसतो. त्या दिवसांत कोंबडी म्हणजे घरची पुंजी. ती तुमच्यासाठी कापली. तू खाल्ली नाहीस याचं त्या बाईंना वाईट वाटलं नसेल, आधी बोलली नाहीस याचं वाटलं असेल. ‘मिमी सिली न्यामा’, मी मांस खात नाही, हे वाक्य पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. एक किलो साखर आणि कपड्याचा साबण घेऊन जा, चुलीपाशी बस आणि हे वाक्य आता सांग. माहारागे, म्हणजे घेवड्याची उसळ, त्या रोजच करतात; म्चिचा म्हणजे आपला माठ; भेंडीला बामिया म्हणतात; मुगाला चोरोको. दागा नावाची सुकी मासळी कशात आहे ते विचारून घे. तूर मिळाली तर ‘म्बाझी’ माग. दक्षिणेकडं लिंडी आणि मट्वाराकडं ती भरपूर पिकते आणि आपल्याकडं येते. २०१७ साली भारतानं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले होते. कुणी तुला त्याबद्दल बोललं तर वाद घालू नकोस, ऐकून घे.

छडीबद्दल तू रडलीस, ते बरोबरच होतं. टांझानियात शाळेत छडी मारायला नियमांनी अजून परवानगी आहे. आपल्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती बंद झाली, आणि तरी आपल्या शाळांतून ती संपली का, ते तू आणि मी जाणतो. तिसऱ्या आठवड्यात तू शिक्षकांच्या खोलीत भाषण दिलंस तर दार बंद होईल. मी काय केलं ते सांगते. मुख्याध्यापकांना एकटं गाठून म्हटलं, माझ्या तासाला मी छडी वापरणार नाही, चालेल ना? ते म्हणाले, चौऱ्याहत्तर पोरं आहेत, कशी आवरशील? मी म्हटलं, बघू. मग सोड्याच्या बाटल्यांची बुचं जमवली, गावातल्या दोन्ही दुकानांतून, पोरांकडूनच. सहा-सहाचे गट, प्रत्येक गटाला बुचांचा ढीग, हातच्याची बेरीज त्यावर. हात कामाला लागले की गोंगाट होतो, पण मारामारी होत नाही. दुसऱ्या वर्षी एक शिक्षक बुचं मागायला आले. छडी शाळेतून गेली नाही. माझ्या तासाला ती टेबलावर नव्हती, एवढंच मला साधलं. एक मात्र लक्षात ठेव: कुणा मुलाला खरी इजा झाली तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आणि तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेला कळवायचं. तिथं गप्प बसायचं नाही.

आणि त्या दोघांना संध्याकाळी दार उघडं ठेवायला सांग. चौघं चार घरांत राहायला मिळत असाल तर तसंच करा. चार मराठी मुलं एका खोलीत राहिली की सहा महिने सांगलीच होते.

प्रश्न : माझा मुलगा जूनमध्ये कॉलेजतर्फे इरिंग्याजवळच्या गावात तीन महिने जाणार आहे. मलेरियाची भीती वाटते. तो एकुलता एक आहे. रोज व्हिडिओ कॉल करायचं वचन मी त्याच्याकडून घेतलंय. अजून काय काळजी घ्यावी? (एक आई, नाशिक)

उत्तर : बाई, ते वचन आधी परत करा. आठवड्यातून एक ठरलेला वार ठेवा. रोज बोलायचं म्हणजे तो रोज संध्याकाळी नेटवर्क शोधत टेकडीवर उभा राहणार, आणि संध्याकाळ हीच गावात माणसं भेटायची वेळ.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं निघायच्या आधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. त्या मधे सोडायच्या नाहीत. मच्छरदाणी रोज. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, अंगावर काढायचं नाही. तळ्या-ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात पोहायचं नाही, त्यातून ‘किचोचो’, म्हणजे बिल्हार्झिया हा रोग होतो. पाण्यातल्या गोगलगायींमधून त्याचे जंतू कातडीवाटे शरीरात शिरतात. पिवळ्या तापाची लस लागते की नाही, ते विमान कुठं बदलतंय त्यावर अवलंबून असतं, म्हणून तिकीट दाखवून सरकारी लसीकरण केंद्रातच विचारा. ती घेतली तर दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. तिच्यावर हेल्मेटशिवाय आणि रात्री बसायचं नाही. माझ्या ओळखीतल्या मुलांना तिकडं जे लागलं-पडलं ते डासांपेक्षा या मोटारसायकलींवरूनच जास्त.

आणि स्वेटर द्या, चांगला जाड. आफ्रिका म्हणून सगळे पातळ कपडे भरतात. इरिंगा दीड हजार मीटरहून उंचावर आहे. जून-जुलैच्या पहाटे तिथं महाबळेश्वरासारखं बोचतं. दार-एस-सलामहून बस निघते तेव्हा घाम असतो, वाटेत मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानातून हत्ती-जिराफ दिसतात, मग गोरखचिंचेच्या झाडांचं खोरं लागतं, आणि किटोंगाचा घाट चढला की खिडकी लावून घ्यावी लागते. त्याला खिडकीजवळची जागा घ्यायला सांगा.

प्रश्न : आम्ही पुण्यातले इंजिनियरिंगचे बारा विद्यार्थी टांझानियातल्या एका गावात तीन आठवडे पाण्याच्या टाकीच्या कामाला जाणार आहोत. गावातल्या मुलांसाठी जुने कपडे, चॉकलेटं आणि पेनं जमवली आहेत, चार बॅगा भरल्यात. अजून काय न्यावं?

उत्तर : चारही बॅगा इथंच रिकाम्या करा. मनापासून जमवलंत ते कळतं मला. पण जुन्या कपड्यांचा तिकडं आठवडी बाजारात मोठा व्यापार आहे, ‘मितुंबा’ म्हणतात. त्यावर कितीतरी घरं चालतात. चॉकलेटं एकदा वाटली की पुढच्या प्रत्येक पाहुण्याच्या खिशाकडं मुलं बघत राहतात, आणि त्यांच्या आयांना ते अजिबात आवडत नाही. शाळेला काय हवं ते मुख्याध्यापकांना विचारा आणि इरिंग्यासारख्या जवळच्या शहरातूनच विकत घ्या: खडू, कंपासपेट्या, फळ्याचा रंग. तिथल्या दुकानदाराचाही धंदा होईल. मोठं सामान ‘बाजाजी’तून न्या. रिक्षेला तिकडं हेच नाव आहे, आपल्या बजाजवरून पडलेलं.

टाकीचं काम सुरू करायच्या आधी गावाच्या अध्यक्षांना भेटा आणि पाण्याला रोज जाणाऱ्या बायकांना विचारा, पाणी कुठं लांब पडतं. हे दोन्ही झाल्याशिवाय एक वीट लावू नका. टाकीचा नळ बिघडला तर गावातलं कोण दुरुस्त करणार, ते तुम्ही निघायच्या आधी ठरलेलं आणि त्या माणसाला शिकवून झालेलं हवं. सुटे भाग इरिंग्यात मिळतील असेच निवडा. पुण्याहून नेलेला वॉल्व्ह पुण्याहूनच परत आणावा लागतो.

पैसे द्यावेसे वाटले तर गाव जसं देतं तसं द्या. लग्न असो, मयत असो, ‘म्चांगो’ म्हणजे वर्गणी निघते, एक माणूस वही घेऊन बसतो. मी तिथं असताना आमच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या. सगळं गाव तीन दिवस त्यांच्या अंगणात होतं. पुरुष बाहेर शेकोटीशी, बायका मोठ्या पातेल्यांवर. मी भाजी निवडली आणि वर्गणीला पाचशे शिलिंग दिले, शेजारच्या बाईंनी दिले होते तेवढेच. जास्त द्यायला गेले तेव्हा वहीवाल्यांनी मान हलवली. एवढेच घेतले आणि बाईंच्या नावाखाली माझं नाव लिहिलं.

कॅमेरा पहिला आठवडा पिशवीत ठेवा. नंतर काढलेले फोटो शहरात छापून ज्यांचे त्यांना नेऊन द्या, निघायच्या आधी. चुलीपाशी उलथनं घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईंचा मी १९९८ साली काढलेला फोटो त्यांच्या घरी अजून भिंतीवर आहे. गेल्या वर्षी त्यांच्या नातीनं फोनवर त्याचाच फोटो काढून मला पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, आजी विचारते, तुला अजून उगाली येते का.